मोटारसायकलीच्या पुढील शॉकअपचें ऑईल सील घरीं बदलणें

हिंगोली जिल्ह्यांत, विशेषतः वसमत, औंढा नागनाथ आणि कळमनुरी या तालुक्यांतील खेड्यांत, शेतकऱ्याच्या दारीं आज जें वाहन उभें असतें तें बहुधा शंभर सी. सी. ची मोटारसायकल होय. सकाळीं दुधाचे कॅन, दुपारीं खताचें पोतें अगर फवारणीचा पंप, सायंकाळीं बाजारांतून परत येतांना घरचीं माणसें, असा तिचा दिनक्रम असतो. आणि तोहि डांबरी रस्त्यापेक्षां पाणंदींतून व बांधावरून अधिक. बैलाच्या खुरास नाल व गाडीच्या आंसास वंगण हें जसें आपण शेतकीचेंच काम समजत आलों, तशीच या वाहनाची निगाहि समजली पाहिजे. सबंध यंत्राचा विचार एका लेखांत होण्यासारखा नाहीं. म्हणून प्रस्तुत ठिकाणीं एकच लहानसा भाग घेतला आहे. तो म्हणजे पुढील शॉकअपमधील ऑईल सील.

भाग लहान आहे, किमतीनेंहि लहान आहे. परंतु त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याचें फळ मीं स्वतः भोगलें आहे, तें आधीं सांगतों. माझ्या गाडीच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळूं लागलें तेव्हां तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत मीं सील बदलून घेतलें. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हां गळती. पुन्हां नवें सील घातलें. पुन्हां तोच प्रकार. तिसऱ्या खेपेस कंटाळून मीं तिकडे पाहणेंच सोडून दिलें. तेल ओघळून खालीं ब्रेकच्या ताटलीवर उतरत होतें व तेथून आंत झिरपत होतें, हें माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं. २०२३ सालीं अधिक श्रावणांत, झिमझिम पाऊस असतां, औंढ्याहून परत येतांना एक म्हैस एकाएकीं रस्त्यावर आली. पुढचा ब्रेक दाबला तों मूठ हातास लागली, पण चाकानें दाद दिली नाहीं. एकट्या मागील ब्रेकावर भिस्त ठेवावी लागली, तें चाक चिखलावरून सरकलें, आणि आम्ही नालींत गेलों. मागें बसलेल्या माझ्या पत्नीचें मनगट मोडलें. तेव्हांपासून सहा आठवडे तिचा हात गळ्यांत होता, आणि पुढें हळदीची भरणी आली ती सर्व मजुरांकडून करून घ्यावी लागली.

त्यानंतर शेजारच्या, आय. टी. आय. शिकलेल्या एका मुलास हाताशीं घेऊन मीं तो शॉकअप घरच्या पडवींत उघडला. तेव्हां कळलें कीं, बिचाऱ्या सीलचा कांहीं अपराध नव्हता. दोष नळीचा होता, आणि ती नळी कोणी बोट फिरवून पाहिलीहि नव्हती.

आतां रचना समजून घेऊं. पुढील चाकाच्या दोहों बाजूंस जे दोन पाय दिसतात, त्या प्रत्येकाचे दोन भाग असतात. वरून येणारी चकचकीत पोलादी नळी ही गाडीच्या मानेस घट्ट धरलेली असते. कारागीर तिला 'रॉड' म्हणतात. तिच्यावर खालून चढलेला ॲल्युमिनियमचा जाड भाग, ज्यास 'बॉटम' हें नांव रूढ आहे, तो चाकाबरोबर खालींवर सरकतो. आंत एक लांब स्प्रिंग, तिच्याखालीं बारीक छिद्रें असलेला एक पोकळ दांडा, आणि मोजकें तेल. खड्डा आला म्हणजे स्प्रिंग दबून धक्का सोसते. परंतु दबलेली स्प्रिंग तितक्याच जोरानें उसळूं पाहते, व ती उसळी आवरण्याचें काम तेलाचें असतें. बारीक छिद्रांतून तेलास बळेंच जावें लागतें, त्यांत उसळीचा जोर जिरतो, आणि चाक जमिनीस धरून राहतें. तेल कमी झालें कीं चाक चेंडूसारखें उडूं लागतें. उडत्या चाकास ब्रेक लावून काय उपयोग? गाडी थांबवितांना भार पुढें येतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढील चाकाकडेच असतें. आणि नेमकें तेंच चाक अशा वेळीं भूमि सोडून असतें.

बॉटमच्या तोंडाशीं, नळीच्या सभोंवार, सील बसविलेलें असतें. फवारणीच्या पंपांतील वायसर ज्यानें एकदां बदलला आहे त्यास याचें तत्त्व निराळें सांगावयास नको. सीलचा रबरी ओंठ नळीस हलकेच टेकलेला असतो, व तो ढिला पडूं नये म्हणून त्याच्या पाठीशीं बारीक तारेच्या स्प्रिंगेचें कडें असतें. नळी आंतबाहेर होतांना हा ओंठ तिच्यावरील तेल पुसून आंतच ठेवतो. फक्त अत्यंत पातळ असा थर नळीवर राहूं देतो, कारण तेवढ्याहि ओलीवांचून ओंठ कोरडा घासून जळून जाईल. म्हणून नळीवर बोट फिरविल्यास किंचित ओशटपणा लागणें हा दोष मानूं नये. तेलाचें स्पष्ट कडें उमटणें, ओघळ खालीं येणें, व त्यावर धूळ बसून काळा लेप होणें, हीं गळतीचीं लक्षणें होत. ऑईल सीलच्या वर धूळ अडविण्याकरितां आणखी एक सील किंवा टोपी असते, तिला डस्ट सील म्हणतात.

ही तेलाची योजना फार जुनी नाहीं. पूर्वीच्या मोटारसायकलींस पुढें उघड्या स्प्रिंगा व घर्षणाच्या चकत्या असत. तेल नव्हतें, तेव्हां सीलचेंहि कारण नव्हतें. जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें १९३५ सालीं आर-१२ या गाडीस तेलानें उसळी आवरणारे नळीचे शॉकअप बसविले, आणि पुढें जगभर तीच पद्धति रुळली. १९८५ सालीं आपल्या देशांत हिरो होंडाची सी. डी. १०० आली व १९९४ सालीं स्प्लेंडर आली, त्या गाड्यांतहि हेंच तत्त्व आहे. सीलचें रबरहि साधें नसतें. नैसर्गिक रबर खनिज तेलांत फुगून मऊ पडतें, याकरितां नायट्राइल नांवाचें कृत्रिम रबर वापरतात. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचें कडें सीलच्या जागीं कोंबण्याचा प्रयोग माझ्या पाहण्यांत आहे; तो आठवडाभरहि टिकला नाहीं.

आपल्याकडे हीं सीलें लवकर जातात याचीं कारणें शोधूं गेल्यास तीं आपल्याच शेतांत सांपडतात. पहिलें कारण आपली काळी माती. ओली असतां ती ज्यास लागेल त्यास सोडीत नाहीं, आणि वाळली म्हणजे खापरासारखी कठीण होते. पाणंदींतून आलेली गाडी तशीच उभी केली तर नळीवर उडालेला चिखल रात्रींत वाळतो. सकाळीं पहिल्याच खड्ड्यांत नळी खालीं जाते, आणि वाळलेल्या मातीचे कण डस्ट सीलखालून आंत ओढले जाऊन ओंठाखालीं अडकतात. कित्येकजण तो वाळलेला चिखल विळ्याच्या टोंकानें खरवडतात. तें तर प्रत्यक्ष नळीवर आंखणी करण्यासारखें आहे.

दुसरें कारण खत, व याकडे कोणाचेंच लक्ष नसतें. पोटॅशचें पोतें टाकीवर आडवें ठेवून आणण्याची आपली रीत आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचा क्षार. पोत्याच्या शिवणींतून गळलेले दाणे नळीवर पडले व हवेंतील ओलाव्यानें पाघळले म्हणजे तेथें खारट पाण्याचा थेंब तयार होतो. नळी चकचकीत दिसते ती तिच्यावर चढविलेल्या क्रोमियमच्या थरामुळें. हा थर कठीण खरा, पण पातळ असतो, व डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक भेगा त्यांत असतात. क्षाराचें पाणी त्या भेगांतून खालील पोलादापर्यंत पोंचतें, तेथें गंज धरतो, आणि गंज फुगून वरचा थर उचलून टाकतो. जागोजाग बारीक खड्डे पडतात. त्या प्रत्येक खड्ड्याची कड धारदार असते, आणि गाडी चालत असतां दर धक्क्यास ती सीलच्या ओंठावरून फिरते. असल्या नळीवर कितीहि नवें व उंची सील घाला, तें कापलेंच जाणार. माझें नेमकें हेंच झालें होतें. उजव्या नळीच्या पुढील बाजूस, बॉटमच्या तोंडापासून चार बोटें वर, मोहरीएवढे तीन खड्डे होते.

यास्तव गळती दिसतांच सील आणावयास धांवूं नये. प्रथम नळी ओल्या फडक्यानें पुसून कोरडी करावी व उजेडांत पाहावी. नंतर अंगठ्याचें नख तिच्यावरून सभोंवार सावकाश फिरवावें. नख कोठेंहि न अडतां फिरलें तर सीलखालीं नुसती माती अडकली असण्याचा पुष्कळ संभव आहे. अशा वेळीं एक सोपा उपाय करून पाहावा. घरांत एक्स-रेची जुनी फिल्म असतेच. तिची बोटभर रुंदीची पट्टी कापून टोंकाशीं एका बाजूस आंकड्यासारखी खांच करावी. डस्ट सील वर सरकवून ही पट्टी नळी व ऑईल सील यांच्यामध्यें, खांच खालीं ठेवून, हलकेच सरकवावी आणि सभोंवार फिरवून वर ओढावी. मातीचा काळा गाळ पट्टीबरोबर बाहेर येतो. दोन-तीन वेळां असें करून, नळी पुसून, दोन दिवस गाडी चालवून पाहावी. एक कपर्दिकहि न लागतां गळती थांबल्याचीं उदाहरणें आमच्याच गांवांत आहेत. न थांबल्यास मात्र सील बदलणें प्राप्त आहे.

त्याकरितां लागणारें सामान फारसें नाहीं. नेहमींचे पाने, सहा किंवा आठ मिलिमीटरची एलन-की, पेचकस, पक्कड, डिझेल, स्वच्छ फडकीं व एक परात. शेगडा, म्हणजे लोहाराकडे असतो तो व्हाईस, मिळाल्यास काम निम्मे होतें. बाजारांतून आणावयाच्या वस्तु अशा: दोन ऑईल सीलें, दोन डस्ट सीलें, खालच्या बोल्टाचे तांब्याचे दोन वायसर आणि शॉकअपचें तेल. एका बाजूचें सील गळत असलें तरी दोन्ही बाजूंचीं बदलावीं. दोन्ही सारखींच वापरलेलीं असतात. दुकानदारास गाडीचें नांव, नमुना व साल सांगावें, आणि शक्य तर जुनें सील काढल्यावरच तें घेऊन जावें. सीलवर तीन आंकडे कोरलेले असतात. ते अनुक्रमें आंतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी यांचे. ते जुळले म्हणजे संशयास जागा राहत नाहीं.

काम सपाट जागेवर करावें. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिनाखालीं लांकडाचा ठोकळा असा द्यावा कीं, पुढील चाक जमिनीपासून चार बोटें उचललें जाईल. आणि गाडी एखाद्या खांबास दोरानें बांधून ठेवावी. निम्मे काम झाल्यावर गाडी अंगावर येणें यासारखी दुसरी फजिती नाहीं. चाक काढण्यापूर्वी दोन गोष्टी करून ठेवाव्या. नळीच्या माथ्यावरील टोपीचा बोल्ट व बॉटमच्या तळाचा एलन बोल्ट हे दोन्ही किंचित, केवळ पीळ सुटेल इतकेच, ढिले करावे. पाय गाडीस धरलेले असतांना हे सहज सुटतात. हातांत आल्यावर तेच बोल्ट घामटें काढतात.

त्यानंतर ब्रेकची व मीटरची केबल सोडवावी, आंस काढून चाक बाजूस ठेवावें, मडगार्ड उतरवावा. डिस्क ब्रेक असल्यास त्याची पकड सोडवून दोरीनें वर टांगावी, नळकांडीवर लोंबकळत ठेवूं नये. आणि डिस्क मधून निघालेली असतां ब्रेकची मूठ चुकूनहि दाबूं नये, नाहींतर आंतील गोट्या पुढें येऊन बसतात. लहान मुलांस या वेळीं दूर पाठवावें, हें अनुभवानें सांगतों. मग मानेच्या खालच्या पकडीचा बोल्ट ढिला करून पाय डावीकडे-उजवीकडे पिळीत खालीं ओढून घ्यावा. दोन्ही पाय एकदम उघडूं नयेत. एक पुरा करून जाग्यावर बसवावा व मग दुसऱ्यास हात घालावा. म्हणजे कोणता भाग कोठें होता असा घोटाळा झाल्यास न उघडलेला पाय जसाच्या तसा नमुन्यास राहतो.

टोपी काढतांना तिच्याखालीं दबलेली स्प्रिंग असते हें विसरूं नये. टोपीवर जाड फडकें धरून, तोंड बाजूस ठेवून, शेवटचे आटे सावकाश सोडावे. स्प्रिंग काढतांना तिचें कोणतें टोंक वर होतें तें पाहून ठेवावें. दाट वेढ्यांची बाजू पुन्हां तिकडेच गेली पाहिजे. पाय परातींत उलटा धरून खालींवर केला म्हणजे उरलेंसुरलें तेल निघून येतें. तें राखाडी किंवा दुधाळ दिसल्यास आंत पाणी गेलें आहे असें समजावें.

आतां तळाचा एलन बोल्ट. हा बोल्ट आंतील पोकळ दांड्यास धरून असतो, व बोल्ट फिरविला कीं दांडाहि त्याच्याबरोबर गरगर फिरतो. नवशिके येथें हटकून अडतात. दुकानांतून यासाठीं निराळें हत्यार असतें. शेतकऱ्यापाशीं बाभळीची काठी असते! नळींत जाईल इतक्या जाडीची सरळ काठी घेऊन तिचें टोंक निमुळतें करावें, नळीच्या तोंडांतून आंत घालून दांड्याच्या माथ्यांत घट्ट ठोकावें, आणि एकानें काठी धरून ठेवून दुसऱ्यानें एलन-की फिरवावी. बोल्ट निघाल्यावर नळी बॉटममधून ओढून घ्यावी. लहान गाड्यांतून ती सहज येते. कांहीं मोठ्या गाड्यांत आंत सरकपट्ट्या असतात, तेथें नळी झटक्यानें ओढून सील तिच्याबरोबरच उपटून काढावें लागतें. दांड्याच्या तळाशीं एक लहान वाटीसारखा तुकडा असतो, तो तेलाबरोबर परातींत पडून फेंकला जाऊं नये.

डस्ट सील उचकटून, त्याखालील तारेचें लॉक पेचकसाच्या टोंकानें खांचेबाहेर काढावें. राहिलें जुनें सील. तें उचकटतांना बॉटमच्या कडेवर फडक्याची घडी किंवा लांकडाची चीप ठेवून तिच्यावर पेचकसाचा टेंका द्यावा, व चारी बाजूंनीं थोडें थोडें उचलावें. ॲल्युमिनियम मऊ असतें. बसकणीला ओरखडा पडला तर सीलच्या बाहेरच्या अंगानें तेल वाट काढतें, आणि मग तें कोठून येतें याचा थांग लागत नाहीं.

येथवर हाताचें काम झालें. आतां डोळ्यांचें काम, व माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें. नळी डिझेलनें धुऊन पुसावी. खिडकीची कांच सपाट ठेवून तिच्यावर नळी लोटावी; ती उसळत किंवा लटपटत गेली, अथवा तिच्याखालून उजेडाची फट लहानमोठी होतांना दिसली, तर नळी वांकली आहे. वांकलेली नळी ठोकून सरळ करूं नये. तिचा भरंवसा राहत नाहीं. सरळ असल्यास पुन्हां नखाची परीक्षा घ्यावी. ओरखडा हलका असेल, केवळ कड लागत असेल, तर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर तेलांत भिजवून तेवढ्याच जागीं, नळीच्या गोलाईनें घासावा. लांबीच्या दिशेनें घासूं नये. तशा रेघांतून तेलास वर चढावयास वाट मिळते. खड्डा खरोखरीचा असेल, नख त्यांत उतरत असेल, तर तो सीलच्या फिरण्याच्या टापूंत आहे कीं त्याच्या वर आहे हें पाहावें. वर, मानेच्या पकडीजवळ असल्यास चिंता नाहीं. टापूंत असल्यास नळी बदलावी. असे खड्डे ॲरल्डाइटनें भरून घासून घेणारे लोक आहेत, व हंगाम निभावून नेण्यास तें चालेलहि. पण तो तात्पुरता इलाज होय. नळी अर्धी फिरवून बसविण्याचा सल्लाहि कोणी देतात. सीलचा ओंठ सभोंवार असतो, तेव्हां खड्डा कोणत्या बाजूस नेला तरी ओंठ त्यावर यावयाचाच. नळी नवी घ्यावयाची म्हणजे सीलांहून खर्च अधिक, यांत शंका नाहीं. परंतु दोन खेपा सील व मजुरी वायां घालवून मग नळी घेण्यापेक्षां तो कमीच आहे, हा हिशेब मीं पैसे देऊन शिकलों.

बसवितांना उलट क्रम. दांडा व त्याखालील वाटी जागच्या जागीं, नळी बॉटममध्यें, तळाचा बोल्ट नव्या तांब्याच्या वायसरासह घट्ट. मग नळीच्या वरच्या कडेवर दुधाच्या पिशवीचा स्वच्छ तुकडा चढवावा, सीलच्या ओंठास शॉकअपचेंच तेल बोटानें चोळावें, आणि सील त्या तुकड्यावरून खालीं उतरवावें. नाहींतर नळीच्या धारेवर नवा ओंठ पहिल्याच क्षणीं कापला जातो. सीलची दिशा चुकूं देऊं नये. ज्या बाजूस तारेचें कडें दिसतें ती पोकळ बाजू खालीं, तेलाकडे; आंकडे कोरलेली सपाट बाजू वर. सील ठोकण्यासाठीं ठिबकच्या किंवा पाईपलाईनच्या पी. व्ही. सी. नळाचा उरलेला तुकडा उत्तम. त्याची कड सीलच्या बाहेरील पोलादी काठावर बरोबर बसेल असा घेऊन, तोंड सपाट घासून, नळीवरून खालीं सोडावा व वरून हलके हलके ठोकावें. ओंठावर ठोका पडूं नये, व सील तिरकें जाऊं नये. लॉकची खांच सभोंवार पूर्ण उघडी दिसली म्हणजे सील बसलें. लॉक खांचेत बसल्याची खात्री करून वर डस्ट सील दाबावें.

तेलाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण येथेंच घरगुती शहाणपण आडवें येतें. इंजिनाचें उरलेलें तेल शॉकअपमध्यें ओतूं नये. तें बहुधा जाड पडतें, छिद्रांतून वेळेवर जात नाहीं, आणि गाडी ताठ चालते. शॉकअपकरितां निराळें, बहुधा दहा अंकाचें, तेल मिळतें. शंभर सी. सी. च्या बहुतेक गाड्यांस एका पायांत दीडशे मिलिलिटरच्या आसपास तेल लागतें. तथापि नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहूनच घ्यावा. जितकें निघालें तितकेंच ओतावें हा नियम गळत्या शॉकअपला लागू नाहीं, हें उघड आहे. 'थोडें जास्त असलेलें बरें' हाहि विचार सोडावा. तेलाच्या वर जी हवा राहते ती दबण्यास जागा लागते; तेल जास्त झालें म्हणजे हवा फार दाबली जाऊन नवें सीलच उचलून देते. माप घेण्यास जनावरांच्या औषधाची मोठी सिरिंज, सुई काढून व धुऊन, सोयीची पडते. कीटकनाशकाचें माप मात्र या किंवा दुसऱ्या कोणत्याहि कामास घेऊं नये. तेल ओतल्यावर पाय सावकाश आठ-दहा वेळां खालींवर करावा, म्हणजे आंत अडकलेली हवा निघून जाते. मग नळी पूर्ण खालीं दाबून, स्प्रिंग न घालतां, वरच्या कडेपासून तेल किती खोल आहे तें स्वच्छ काडीनें मोजावें, व दुसऱ्या पायांतहि तेंच खोलीचें माप ठेवावें. दोन्ही पाय समान नसल्यास हँडल एका अंगास ओढतें.

पाय चढवितांना दोन्ही नळ्या मानेंत सारख्या उंचीवर आल्या पाहिजेत. चाक घालतांना एक गोष्ट विसरली तर वरील सर्व श्रमांपेक्षां ती महाग पडेल. ड्रम ब्रेकच्या गाडींत ब्रेकच्या ताटलीस एक खांच असते, व बॉटमच्या आंतील अंगास एक उंचवटा असतो. तो उंचवटा त्या खांचेत बसलाच पाहिजे. न बसल्यास ब्रेक दाबतांच सबंध ताटली चाकाबरोबर फिरूं पाहते, केबल ताणून तुटते, चाक जागच्या जागीं जखडतें, आणि स्वार हँडलावरून पुढें फेंकला जातो. म्हणून आंस घालण्यापूर्वी बोटानें चाचपून पाहावें, घातल्यावर पुन्हां पाहावें. आंसाची चाकी प्रथम हातानेंच लावावी. गाडी खालीं उतरवून, मागचा ब्रेक धरून, पुढील भाग चार-पांच वेळां दाबावा, म्हणजे दोन्ही पाय आपोआप सरळ रेषेंत येतात. आणि मग चाकी पक्की आवळावी.

ब्रेकच्या शूंना तेल लागलें असल्यास ते नवे घालावे. भाजून किंवा पेट्रोलनें धुऊन ते वरून कोरडे दिसतात, पण तेल आंत मुरलेलें असतें व तापल्यावर पुन्हां वर येतें. ड्रम मात्र पेट्रोलच्या फडक्यानें पुसून घेतल्यास चालतो. केबल जोडून चाक हातानें फिरवावें, ब्रेक दाबून थांबतें कीं नाहीं पाहावें, आणि पहिली फेरी एकट्यानें, रिकाम्या रस्त्यावर, हळूहळू घ्यावी. दुसऱ्या दिवशीं सर्व बोल्टांवर एकवार पाना फिरवावा.

ज्यांच्या गाडीस उलटे, म्हणजे जाड भाग वर व चकचकीत भाग खालीं असलेले शॉकअप आहेत, किंवा अपघातांत ज्यांची मान वांकली आहे, त्यांनीं हें काम घरीं करूं नये. तेथें जाणत्या कारागिराकडे गेलेलें बरें. परंतु तेथेंहि सील घालण्यापूर्वी नळी आपल्या समोर पुसावयास लावून तिच्यावर आपलें नख फिरवून घ्यावें. त्यास कारागीर रागावत नाहीं. रागावला तरी हरकत नाहीं.

माझ्या गाडीस नवी नळी घातली, त्यानंतर दोन पावसाळे गेले. नळी कोरडी आहे. निगा एवढीच ठेवतों कीं, पाणंदींतून आल्यावर चिखल ओला असतांनाच नळीवर तांब्याभर पाणी ओततों व फडक्यानें पुसतों. गाडी धुणाऱ्याच्या जोराच्या फवाऱ्याखालीं सीलचें तोंड धरीत नाहीं. पोटॅशचें पोतें टाकीवर न ठेवतां मागें बांधतों, आणि त्याखालीं जुना ताडपत्रीचा तुकडा घालतों. नळीवर रबरी टोप्या चढविण्याची सोय कांहीं गाड्यांस आहे, ती चांगली. पण त्यांच्या आंत पाणी सांचतें, तेव्हां पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां त्या उचलून पुसाव्या लागतात.

काढलेलें जुनें तेल बांधावर किंवा विहिरीच्या आसपास ओतूं नये. तें बाटलींत भरून ठेवावें. पेरणी आटोपल्यावर नांगराचे फाळ व तिफणीचे फण ठेवतांना त्यांना फडक्यानें चोळण्यास तें उपयोगी पडतें.